पुष्पाताईंची अर्धी भाकरी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. संत्री आणलीस का, आणि सावजी रस्सा खाल्लास का? संत्री आणली. रस्साही खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ला. पण त्या सहा दिवसांत मी आणखी काय खाल्लं हे कोणी विचारत नाही, आणि न विचारता सांगायची माझी छाती होत नव्हती. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. ज्यांनी नागपूर पाहिलेलं नाही त्यांना थोडं नागपूर कळेल, आणि मला ओळखणाऱ्यांना मी.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेसाठी घरोघर फिरून माहिती गोळा करायची, हे माझं काम. अठरा वर्षं झाली. कुणाच्या घरी पाणी कुठून येतं, कोण तंबाखू खातं, कुणाचं पोरगं किती दिवस अंगावर प्यालं, असलं सगळं विचारून झालंय. या वेळचा विषय होता आतड्यातले जंतू. माणसाच्या पोटात अगणित जंतू राहतात, आपण खातो त्यावरच जगतात, आणि आपल्याला न पचणारा कोंडा-चोथा फोडून त्यातलं थोडं अंगाला लावतात. कुणाच्या पोटात कुठले जंतू नांदतात त्यावर त्या माणसाचं वजन काही प्रमाणात ठरतं का, असा प्रश्न होता. त्यासाठी आमच्या डॉक्टरांना हव्या होत्या जावा. बहिणी नकोत, त्यांचं रक्त एक. जावांची चूल एक आणि रक्त वेगळं. एक जाड, एक बारीक, जेवण एकाच भांड्यातलं. दोघींनी पाच दिवस खाल्लेलं सगळं तोलून वहीत लिहायचं, आणि पाचव्या दिवशी सकाळी दोघींच्या शौचाचा नमुना डबीत घालून बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचा. हसू नका, कुणाला तरी करावंच लागतं.

मी स्वतः काडी. चोपन्नाव्या वर्षीही लग्नातला ब्लाउज होतो, हे मी लोकांना निमित्त काढून सांगते. मुलगी सायली मात्र अंगानं भरलेली. तिला मी एकदा जेवताना म्हटलं होतं, "ताटात तर चिमणीएवढं घेतेस, मग हे येतं कुठून? लपून खातेस का?" दोन वर्षं झाली, ती ताट घेऊन तिच्या खोलीत जाते. मी म्हणायचे, हल्लीची मुलं, दुसरं काय.

पहिला दिवस, सक्करदरा

जानेवारीतली नागपूरची थंडी आपल्याला ठाऊक नसते. आपल्याला नागपूर म्हटलं की ऊनच आठवतं. पहाटे उतरले तर तोंडातून वाफा. स्टेशनबाहेर एका गाड्यावर तर्री-पोहे घेतले. त्यानं पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतला आणि म्हणाला, "सांभार टाकू का?" पोह्यांवर आणखी सांबार कशाला, म्हणून मी नको म्हटलं. नंतर कळलं की इथं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. अशी आमची सुरुवात.

घर सक्करदऱ्याच्या एका गल्लीत, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. मूळचे उमरेडचे विणकर. पुढच्या खोलीत एके काळी हातमाग होता. मागाखाली विणणाऱ्याचे पाय सोडायला खड्डा असतो, तो सिमेंटनं बुजवलेला. फरशीत तेवढाच चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि त्यावर आता स्कूटर उभी असते. थोरले भाऊ मधुकरराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात काउंटरला, धाकटे एका शाळेत क्लार्क. दोघंही सकाळी लवकर जेवून बाहेर पडतात. मागे उरतात त्या दोघी जावा: थोरल्या पुष्पाताई, पन्नाशीच्या, दारातून जरा तिरप्या होऊन येणाऱ्या, आणि धाकटी मीना, वाऱ्यानं उडेल अशी.

मी दोघींचं वजन करून घेतलं, वही दिली, छोटा तराजू दिला, आणि अठरा वर्षांच्या अनुभवी आवाजात बजावलं, "हे बघा, रोज जेवढं शिजवता तेवढंच शिजवायचं. पाहणी आहे म्हणून जास्त नाही, कमी नाही. मूठभरसुद्धा जास्त नको. नाहीतर सगळं वाया जाईल."

"मूठभर बी नाही," पुष्पाताईंनी मान हलवली. मग पदरानं हात पुसत विचारलं, "मॅडम, हे सारं कागदावर येईन ना? छापून?"

"संस्थेच्या अहवालात येईल. नाव नाही येणार, पण घराला त्यातली तुमची नोंद पाठवतात."

"मंग झालं." त्या पाटावर बसल्या. "मी लगन होऊन आली तवा या मीनावाणीच होती जी. दोन लेकरं झाली अन् फुगत गेली. सासूबाई म्हणत, दुधावरची साय कोण खाते? डॉक्टर म्हणे, तोंड आवरा. आमचे हे तं पाहुण्यायसमोर म्हणते, आमच्या फ्रीजले कुलूप लावा लागते." त्या हसल्या, आणि हसणं संपायच्या आत म्हणाल्या, "मी चोरून नाही खात. अठ्ठावीस वर्षं सांगून राहिली, कोणाले पटत नाही. एकडाव कागदावर लिहून येऊ द्या. मंग मी कोणाशी बोलणार नाही."

मी गंभीरपणे मान डोलावली. मनात म्हटलं, सगळ्याच असं म्हणतात.

दुपारचा एक वाजला. मीनाचं ताट मी स्वतः तोललं, ती जेवली. पुष्पाताई सगळ्यांच्या शेवटी जेवतात, आणि मला दोनच्या आत रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेत जायचं होतं, म्हणून त्यांचं त्यांनी तोलायचं ठरलं. मी पर्स उचलली. त्या दार अडवून उभ्या. "जेवून जा."

आता ऐका. 'पाहणीच्या घरी जेवू नये' हा आमच्या सूचनांमधला चौथा नियम आहे. नव्या पोरींना तो मीच शिकवते. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पाहुणा जेवाच्या टायमाले उपाशी गेला तं घराले लागते जी." आणि आतून सोलेभाताचा वास आला.

बसले. तुरीचे ताजे हिरवे दाणे घातलेला भात, वर कढवलेल्या तेलाची लसणाची फोडणी, बाजूला ज्वारीची पातळ भाकरी आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे वाढण्याआधी "अजून हवंय का?" विचारतात, आणि त्या विचारण्यातच नको म्हणायची सोय असते. इथं विचारतच नाहीत. वाढतात. मी बोटं चाटली.

दुसरा आणि तिसरा दिवस, तलाव आणि गांधीबाग

सकाळी तलावाला चक्कर मारायची, मग वही तपासायची, मग जेवायचं, असं माझं बस्तानच बसलं. दुसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि तिखट असं की कानातून वारं निघावं. तिसऱ्या दिवशी आंबील: ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून शिजवलेलं, ताक घालून, जिरं-लसूण लावून. आमच्या डॉक्टर म्हणतात की असल्या आंबवलेल्या, कोंड्याच्या अन्नावर पोटातले जंतू खूश असतात. माझे तर नाचायला लागले असतील. त्या दिवशी मी बरोबर एकला पोचले, आणि खरं सांगते, मला काही एकला यायचं कारण नव्हतं. मीनाचं ताट तोलायला साडेबाराला यायचं ठरलं होतं. ती माझ्यासाठी थांबून होती.

"उशीर झाला वं मॅडमले," पुष्पाताई म्हणाल्या. "भुकेल्या असतील. बसा, बसा."

जेवून मी गांधीबागेत गेले. कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत मधुकररावांचं दुकान शोधलं. मोठा गमत्या माणूस. चहा मागवला, दोन साड्या उलगडून दाखवल्या, आणि गजानं कापड मोजता मोजता म्हणाले, "मॅडम, आमच्या बाईले मोजाले तुमचा काटा पुरते का? ट्रकवाला पाठवू का, नाक्यावरचा?"

दुकानातली सगळी हसली. मीही हसले. चांगली मोठ्यानं हसले.

चौथा दिवस

वही बघताना माझ्या लक्षात आलं. मीनाचं पान व्यवस्थित: दीड भाकरी, भाजी, भात, ताक. पुष्पाताईंच्या दुपारच्या रकान्यात तिन्ही दिवस एकच: अर्धी भाकर, वाटीभर ताक. अक्षर मोठं, सरळ, शाळेतल्या मुलीसारखं.

"रोज अर्धीच?" मी विचारलं.

"हो जी."

"पुष्पाताई, खरं लिहायचं असतं हं. इथं कोणी रागवणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीनाकडे. "खरंच हाये," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात तुपाचा चमचा सोडला. त्या दिवशी मुगाची खिचडी आणि कढी होती. मी दोनदा कढी घेतली.

पाचवा दिवस, रामदासपेठ

सकाळी दोन्ही डब्या पेटीत घातल्या, वर बर्फाच्या पिशव्या लावल्या आणि रिक्षा केली. थंडीतही पेटीला पाझर फुटला. सीटवर ओल आली.

"काय आहे जी त्याच्यात? मच्छी?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"नमुने."

"कायचे?"

मी म्हटलं, "औषधाचे." पुढे सगळा रस्ता तो मला त्याच्या वडलांच्या गुडघेदुखीवर औषध मागत होता. रामदासपेठेत दवाखान्यांच्या ओळीतल्या त्या प्रयोगशाळेत नमुने शीतपेटीत गेले, पावती झाली, माझी छाती मोकळी झाली. आता फक्त शेवटचं वजन घ्यायचं आणि वही बंद करायची.

परत सक्करदऱ्याला. मीना काट्यावर चढली, उतरली. पुष्पाताई चढल्या. काटा पहिल्या दिवशी होता तिथंच. मला काय चोर सापडल्यासारखं झालं! मी वही उघडली, रकान्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच पाटावर बसून म्हणाले, "चार दिवस दुपारी अर्धी भाकरी खाल्लीत म्हणता, आणि काटा तसूभर हलला नाही. मला अठरा वर्षं झाली या कामात. हे असं नसतं, पुष्पाताई. मधेमधे काय खाता ते लिहिलेलंच नाही तुम्ही."

आणि लाल पेन काढून पानावर लिहिलं: 'नोंद विश्वसनीय नाही.' त्यांच्यासमोर लिहिलं. त्यांना वाचता येतं हे मला माहीत होतं.

त्यांनी गॅस बारीक केला. मग सवयीनं ताट मांडायला घेतलं. माझं ताट.

मीनाचा बांध फुटला. "ठेवा थे ताट, ताई! काहून वाढून राहिल्या? मॅडम, तुमाले दिसत नाही का? तुमी रोज जेवता तं कोणाच्या वाट्याचं जेवता? मूठभर बी जास्त शिजवाचं नाही, हे तुमीच म्हटलं ना? माणसं सकाळीच जेवून जातात. माह्यं ताट तुमी स्वतः मोजता, त्याले हात लावता येत नाही. मंग राहिलं कोणाचं? मी म्हटलं, ताई, माह्यातलं अर्धं घ्या. तं म्हणते, नाही, तुह्यं कागदावर चढलं, खोटं होईन."

"चूप बस वं!" पुष्पाताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाहुण्याच्या ताटाचं नाव काढते का कोणी?"

"मंग चोर म्हणू द्या तुमाले!"

मला वाटलं, फरशी दुभंगावी. सोलेभात, पाटोडी, आंबील, दोनदा घेतलेली कढी, सगळं मी मनातल्या मनात तोललं. मी सांगितलं म्हणून त्यांनी एक दाणा जास्त शिजवला नाही. मी दारात होते म्हणून मला उपाशी जाऊ दिलं नाही. आणि वही खरी राहावी म्हणून स्वतः खाल्लं तेवढंच लिहिलं. तिन्ही गोष्टी त्यांनी चोख पाळल्या. मला माझा चौथा नियम पाळता आला नाही. खाऊन वर लाल शेरा मारला तो मीच.

"तुम्ही सांगायचं तरी..." असं काहीतरी मी पुटपुटले. ते बोलतानाच कळलं की हेसुद्धा मी त्यांच्यावरच ढकलतेय.

बाहेर येऊन स्कूटरला टेकून डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाच दिवसांत काटा हलला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. तेवढ्यात अंगातलं पाणीसुद्धा काटा वरखाली करतं. आणि अगं, सारखंच खाऊन एकीच्या अंगाला लागतं आणि दुसरीच्या लागत नाही, याचंच तर उत्तर शोधतोय आपण. जंतूंचा वाटा किती, बाकीच्याचा किती, मलासुद्धा अजून माहीत नाही. तुला कसं माहीत झालं?"

मी विचारलं, "नोंद?"

"बाद. दोघींची. थोरलीचं ते रोजचं जेवणच नव्हतं, आणि जोडीशिवाय दुसरीची नोंद कामाची नाही."

"पुन्हा पाच दिवस केले तर?"

"नागपूरचं काम संपलं. उद्या निघ तू."

सहावा दिवस

रविवार होता, माझी गाडी संध्याकाळची. संत्री घेतली. हिंमत गोळा करायला तलावाला तीन चकरा मारल्या, ती काही गोळा झाली नाही. तशीच गेले. पुष्पाताई अंगणात मुंगण्याच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्यांना सांगितलं की तुमची नोंद अहवालात येणार नाही, आणि ती माझ्यामुळे येणार नाही.

शेंग सोलता सोलता हात थांबला. "म्हणजे कागदावर नाहीच?"

"नाही. पण मी माझ्या हातानं लिहून देते. सहीनिशी. तुम्ही खरं लिहिलं होतं म्हणून."

त्यांनी विचार केला. "तुमी लिहून दिलं तं थे कपाटात राहीन," त्या म्हणाल्या. "लिहून नका देऊ. सारे घरी हायेत आज. जेवतानी सगळ्यायसमोर बोला."

कागदाची गोष्ट वेगळी. कागद पोस्टानंसुद्धा पाठवता येतो.

सगळे जेवायला बसले. मधुकरराव म्हणाले, "या मॅडम! काय म्हणते आमचा फ्रीज?" मी बसले नाही. उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, "भाऊ, चार दिवस दुपारी तुमच्या बायकोचं जेवण मी जेवले. त्या अर्ध्या भाकरीवर राहिल्या. त्यांनी वहीत खरं लिहिलं आणि मी त्यांना खोटं ठरवलं. त्यांचं वजन का वाढलं ते मला माहीत नाही. आमच्या डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. पण त्या चोरून खात नाहीत. आणि परवा दुकानात तुम्ही ट्रकच्या काट्याचं बोललात तेव्हा मी हसले, तेही चुकलं माझं."

धाकटे भाऊ ताटाकडे बघत होते. मधुकरराव हातातला घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "मस्करी होती जी थे."

"अठ्ठावीस वर्षं?" पुष्पाताई म्हणाल्या. बास, एवढंच.

मग त्यांनी स्वतःचं ताट घेतलं आणि सगळ्यांच्या पंगतीत, नवऱ्याच्या समोर बसल्या. मीनानं त्यांना वाढलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, भात. त्या सावकाश, कोणाकडे न बघता जेवल्या. माझ्याकडे मात्र एकदा पाहिलं. "आज मोजाचं नाही ना? मंग बसा. आज शिजवलं हाये तुमच्यासाठी."

मी जेवले. नाही म्हणायचा अधिकार मी पाच दिवसांपूर्वीच घालवला होता.

पुणे

घरी आल्यावर सायलीनं संत्री घेतली आणि विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणून गेले, "तू काय खाल्लंस आज?"

ती म्हणाली, "विचारतेयस की तपासतेयस?" आणि खोलीत गेली.

तेव्हा मी हे लिहायला बसले. आठ दिवस लागले. लिहून झालं ते आधी तिला वाचायला दिलं. ती कागद घेऊन आत गेली, दार लावून घेतलं, आणि मी पंगतीत उभी असल्यासारखी स्वयंपाकघरात उभी राहिले.

तासाभरानं कागद टेबलावर ठेवलेले दिसले. सबंध लिखाणात तिनं एकच दुरुस्ती केली होती. अगदी सुरुवातीला, 'तिला मी एकदा जेवताना म्हटलं होतं' असं मी लिहिलंय, त्यातला 'एकदा' लाल पेनानं खोडून वर लिहिलं होतं: 'रोज'.

मी तिथं बसून आठवून पाहिलं. नोंद बरोबर आहे.